बिनचित्रांची बदली

पाणीवाल्यांनी इंटरनेटवरची चित्रं वर्ज्य केली ती कमरेच्या एका पट्ट्यामुळे.

पट्टा आईसाठी हवा होता. म्हातारीची कंबर धरली होती आणि ती उठता-बसता मुलाच्या नावाने कण्हत होती. म्हणून पाणीवाल्यांनी एकदा, अगदी एकदाच, संगणकावर 'कमरेचा पट्टा' असं लिहून पाहिलं. पट्टा शेवटी आणला तो कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडूनच, पण हे संगणकाला कोण सांगणार? त्या दिवसापासून पट्टे हात धुऊन त्यांच्या मागे लागले. बातमी उघडावी तर शेजारी पट्टा. हवामान बघावं तर ढगाखाली पट्टा. एका जुन्या सहकाऱ्याच्या निधनाचं वृत्त ते डोळे पुसत वाचत होते, तर मजकुराच्या मधून पट्टा बांधलेला एक धट्टाकट्टा माणूस हसत हसत वर आला. पाणीवाल्यांचा हुंदका जागच्या जागी विरला. गेलेल्या माणसासाठी आपल्याला धड रडूही देत नाहीत, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

पाणीवाले म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयातले हेडक्लार्क. त्यांना नाव आहे, आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं आहे, पण इमारतीत ते कुणी वापरत नाही. नळ कोरडा पडला की सगळ्या मजल्यांवरून 'अहो पाणीवाले' अशी हाक येते, जणू गावाचं पाणी ते संध्याकाळी पिशवीत घालून घरी आणतात. वास्तविक पाण्याशी त्यांचा संबंध कागदापुरता. पाणी येणार, येणार नाही, उशिरा येईल, कमी दाबाने येईल अशी जाहीर निवेदनं लिहिणं हे त्यांचं काम, आणि त्या कामात त्यांचा हात धरणारा खात्यात कुणी नव्हता.

पट्ट्याचं प्रकरण हाताबाहेर गेलं ते मोठ्या साहेबांसमोर. बैठक भरली होती, टाक्यांच्या पातळीचा तक्ता भिंतीवर दाखवायचा होता, आणि तो दाखवायला नेमके पाणीवाले पुढे सरसावले. तक्ता आला. तक्त्याच्या शेजारी, तक्त्याहून मोठ्या अक्षरांत, 'पोट सुटलंय? लाजू नका' असंही आलं. मोठ्या साहेबांचं पोट ही खात्यात सर्वांना ठाऊक असलेली आणि कुणीही न उच्चारायची बाब होती. साहेबांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा खाली पाहिलं, आणि मग बराच वेळ पाणीवाल्यांकडे पाहिलं. त्यानंतर पाणीवाल्यांचा रजेचा प्रत्येक अर्ज शेरा मारून परत येऊ लागला.

"ते तुमच्यावर पाळत ठेवतात," कार्यालयातले कॉम्प्युटर दुरुस्त करणारा म्हणाला. "तुम्ही काय बघता, कुठे थांबता, सगळं लिहून घेतात."

"मग उपाय काय?"

"बघू नका. नाहीतर नुसत्या अक्षरांचा ब्राउझर घ्या. त्यात चित्र नाही, जाहिरात नाही, काही हलत नाही. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. माउससुद्धा लागत नाही. आमच्यातली काही जुनी खोडं अजून तोच वापरतात."

तो चेष्टेत बोलला होता. पण पाणीवाल्यांना चेष्टा कळत नाही. हा त्यांचा गुण मानायचा की दोष, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही. त्यांनी त्याला चहा पाजला, घरी नेलं आणि त्याच दिवशी तो ब्राउझर बसवून घेतला.

आणि खरं सांगायचं तर सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. पान उघडलं की फक्त मजकूर. बाण दाबत खाली जायचं, दुवा आला की थांबायचं, आत जायचं की नाही हे आपण ठरवायचं. कुणी खुणावत नाही, कुणी बाही ओढत नाही. पाणीवाल्यांनी धरणांवरचा एक मोठा लेख पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि संपल्यावर ते दचकले, कारण लेखाला शेवट असतो हेच ते विसरून गेले होते. पट्टे नाहीसे झाले. आपल्याला कुणी बघत नाही आणि आपण आपल्या मर्जीने बघतो, हे सुख त्यांना या वयात पहिल्यांदा मिळत होतं.

माणसाला सुख झालं की ते त्याला एकट्याला पचत नाही. पाणीवाले जिन्यात लोकांना गाठू लागले. खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना त्यांनी खासगीपणाचं महत्त्व सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, मी रोज लोकांच्या तोंडात बघतो. कुणाचं खासगी काही राहत नाही." सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यांनी एकाग्रतेबद्दल सांगितलं. सेक्रेटरी सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "ते ठीक आहे, पण उद्या पाणी किती वाजता?" आईने पडद्याकडे चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि विचारलं, "अरे, बिघडलाय का हा?"

"बिघडला नाही आई. सुधारलाय."

"तुझे वडीलही रेडिओबद्दल असंच म्हणायचे," आई म्हणाली आणि कण्हत आत गेली.

इथपर्यंत सगळं चेष्टेवारी गेलं असतं. पण मधे सिस्टरची बदली आली.

सिस्टर म्हणजे पाणीवाल्यांची बायको. सरकारी दवाखान्यात परिचारिका, म्हणून इमारतीने तिचंही नाव कधीच काढून घेतलं होतं. नोकरी दूरच्या गावी. तिथे एका घराच्या मागच्या बाजूला भाड्याची एक खोली, एक शेगडी, एक खाट. एकाआड एक शनिवारी ती दिवसभर बसमध्ये हेलकावत घरी यायची, रविवारी सासूचे पाय चेपायची, आठवड्याच्या भाज्या निवडून ठेवायची आणि संध्याकाळी पुन्हा बसमध्ये बसायची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सुरू झालेला हा 'तात्पुरता' प्रकार मुलगा शिकून परदेशी गेला तरी संपला नव्हता. आता तिच्या खात्याने नियम काढला होता, की नवरा एका गावी आणि बायको दुसऱ्या गावी असेल तर एकत्र आणण्यासाठी आधी विचार करू. अर्ज फक्त इंटरनेटवर. मुदत थोडी. तिच्या गावात नेट यायचं ते वाऱ्यावर.

"तुम्ही भरा," ती फोनवर म्हणाली. "पण नीट भरा हं. एवढी एकच संधी आहे. आता माझ्याच्याने बस होत नाही."

शेवटचं वाक्य ती इतक्या साधेपणाने बोलली की पाणीवाल्यांना रात्रीचं जेवण गेलं नाही.

सल्ले येऊ लागले. "चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे जा," दातांचे डॉक्टर म्हणाले. "माझ्या मेहुणीचा त्यानेच भरला. तुम्ही नुसतं बसायचं." सेक्रेटरींनीही त्याचंच नाव घेतलं. पाणीवाले जाऊन बघून आले. झेरॉक्सवाल्याच्या पडद्यावर अख्ख्या वस्तीची ओळखपत्रं उघडी पडली होती. जन्मदाखले, फोटो, कुणाच्या तरी आजारपणाचे कागद, सगळं एकावर एक. दुकानात उभं राहिल्या राहिल्या पाणीवाल्यांना सेक्रेटरींची खरी जन्मतारीख समजली. आपल्या बायकोची सगळी माहिती या ढिगात टाकायची हे त्यांच्या मनाला पटेना. इथे त्यांची चूक होती असं कुणी म्हणू नये. ते घरी आले आणि आपल्या काळ्या पडद्यावर अर्ज उघडून बसले.

अर्जाची पहिली पानं लोण्यासारखी गेली. मग एक पान आलं. त्यावर लिहिलं होतं, 'आपण माणूस आहात याची खात्री करा. पूल असलेली चित्रे निवडा.' त्याखाली चौकटी कंसांत 'चित्र', 'चित्र', 'चित्र' असं ओळीने लिहिलेलं. पाणीवाल्यांनी पहिलं चित्र निवडलं. पान म्हणालं, चूक. त्यांनी शेवटचं निवडलं. चूक. सरकारी नोकरीत हयात गेली, पण आपण माणूस आहोत हे सिद्ध करायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती.

त्यांनी मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. बरंच संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलली.

"सर, वर उजवीकडे हिरवं बटण दिसतंय का?"

"बटण नाही. हिरवं तर नाहीच."

"बरं, चित्रांचा चौकोन दिसतोय?"

"मला चित्रं दिसत नाहीत."

पलीकडे तिचा आवाज एकदम मऊ झाला. "सॉरी सर. अर्ज कुणाचा आहे?"

"माझ्या पत्नीचा. मी भरतोय."

"आपल्याला अगदीच दिसत नाही की थोडं थोडं?"

"अक्षरं दिसतात. चित्रं मी माझी मी बंद केली आहेत. तत्त्व म्हणून."

"आपण खूप धीराचे आहात सर," ती गहिवरून म्हणाली. "मी नोंद करते. आता आपल्याला चित्रांऐवजी गणित येईल."

खरोखरच गणित आलं. सात अधिक चार. पाणीवाल्यांनी अकरा लिहिले आणि पान त्यांना माणूस मानून पुढे गेलं. मुलीने कसली नोंद केली हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. ते विजयाच्या भरात होते. उरलेले रकाने भरले, सगळं दोनदा तपासलं आणि शेवटी 'अर्ज दाखल करा' यावर जाऊन कळ दाबली.

पान हललं आणि तळाशी दोन ओळी दिसल्या. वरची ओळ: 'आपला अर्ज यशस्वीरीत्या दाखल झाला आहे.' खालची ओळ: 'आपला अर्ज दाखल होऊ शकला नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

तुम्ही-आम्ही असतो तर इथे घाबरलो असतो. झेरॉक्सवाला असता तर त्याने पुन्हा बटण दाबलं असतं. पण पाणीवाले खात्यात केस पांढरे केलेले हेडक्लार्क. त्यांनी स्वतः वर्षानुवर्षं काय लिहिलं होतं? 'शहरास पाणीपुरवठा नियमित राहील. काही भागांत पाणीपुरवठा होणार नाही.' 'दुरुस्तीचे काम पूर्ण झाले आहे. उर्वरित काम यथावकाश पूर्ण होईल.' वरच्या ओळीत काय ते ठरतं, खालच्या ओळीत खातं आपली पाठ राखून ठेवतं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं होतं. खाली ती ओळ नसती तरच त्यांना शंका आली असती. दोन्ही ओळी वाचून त्यांना वाटलं, हे पान आपल्यासारख्याच कुणा अनुभवी माणसाने लिहिलेलं दिसतं. त्यांनी समाधानाने संगणक बंद केला.

"झालं," ते फोनवर म्हणाले. "अर्ज दाखल. वर तसं स्पष्ट लिहिलंय."

पलीकडून सिस्टरने नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं झालं," ती म्हणाली. "मी आता हळूहळू आवरायला घेते."

यादी लागली ती एका सकाळी. पाणीवाल्यांनी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. सिस्टरचं नाव नव्हतं. नुसत्या अक्षरांत कदाचित नाव गळलं असेल, या आशेवर ते तत्त्व गुंडाळून दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले आणि तिथल्या संगणकावर सगळ्या रंगांसकट, चित्रांसकट यादी पाहिली. रंगांतही नाव नव्हतं. डॉक्टरांच्या मेहुणीचं होतं. डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि सवयीने "आ करा" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाणीवाले बदल्यांच्या मुख्य कार्यालयात गेले. माणसांची रांग दारातून बाहेर पायऱ्यांवर आली होती. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज उघडताना मिळालेला क्रमांक घातला, पडद्यावर काहीतरी वाचलं, मग चटकन उठून बाहेर आला आणि त्याने पाणीवाल्यांचा दंड धरला.

"या काका. हळू. इथे उंबरा आहे."

"अहो, मला दिसतो उंबरा."

"हो हो, दिसतो ना," कारकून लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला. रांगेने वाट करून दिली. एका बाईने पाणीवाल्यांच्या पाठीवरून हात फिरवला. पाणीवाल्यांना आता उलगडा झाला, की त्या फोनवरच्या दयाळू मुलीने काय नोंद केली असावी. त्यांनी थांबून खुलासा करायला हवा होता. पण दंड धरलेला होता, दार उघडलेलं होतं, आणि आतले साहेब खुर्चीवरून उठून उभे राहिले होते. कुठला साहेब आपल्यासाठी उठून उभा राहिल्याचं पाणीवाल्यांच्या आठवणीत नव्हतं.

"बसा," साहेब म्हणाले. "तुमच्या पत्नीचा अर्ज मुदतीत आलेला नाही. पण इथे शेरा आहे की पती दृष्टिबाधित. असं असेल तर विशेष बाब म्हणून मी आजसुद्धा अर्ज घेऊ शकतो. त्यांना इकडे आणणं तर गरजेचंच आहे. तुम्हाला नीट दिसत नाही, हे खरं ना?"

आता इथे काय होतं ते नीट समजून घ्या. एक 'हो' म्हटलं की सिस्टर घरी येणार होती. बस संपणार होती. पाणीवाले जन्मात कधी खोटं बोलले नव्हते असं नाही, पाणीपुरवठ्याच्या निवेदनांत ते पोटासाठी बोलतच आले होते. पण तोंडाने 'हो' काही निघेना. तसे ते 'नाही'ही म्हणाले नाहीत. ते नुसते साहेबांच्या डोक्याच्या वर भिंतीत कुठेतरी बघत राहिले, कारण न दिसणारी माणसं तिकडे बघतात असा त्यांचा समज होता. साहेबांना ते उत्तर पुरलं. त्यांनी पेन उघडलं.

तेवढ्यात शिपायाने चहा आणला आणि कप पाणीवाल्यांच्या हाताशी ठेवला.

"अरे, माशी पडलीय यात," पाणीवाले म्हणाले.

शिपाई कपात बघू लागला. माशी खरोखरच पडली होती आणि ती अगदी बारीक होती. साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

पाणीवाल्यांनी मग सगळं सांगितलं. पाळत, एकाग्रता, काळा पडदा, माणसाने स्वतःच्या मर्जीने वाचायचा हक्क, सात अधिक चार, आणि त्या दोन ओळी. साहेबांनी ऐकून घेतलं. ते चिडले असते तर पाणीवाल्यांना बरं वाटलं असतं.

"त्या दोन्ही ओळी पानावर आधीपासून लिहिलेल्याच असतात," साहेब म्हणाले. "जी खरी असेल ती दिसते आणि दुसरी लपते. बटण चालण्यासाठी जे लागतं ते तुमच्या त्या ब्राउझरमध्ये नाही, म्हणून अर्ज गेला नाही आणि ओळही लपली नाही. सगळ्यांना एकच ओळ दिसते."

"मला दोन्ही दिसल्या."

"इथे लिहिलंय तुम्हाला दिसत नाही," साहेब म्हणाले, "आणि तुम्हाला तर सगळ्यांपेक्षा जास्त दिसतं. पुढच्या वर्षी अर्ज करा. तोवर नियम असेल तर."

बाहेर येताना पाणीवाल्यांचा दंड कुणी धरला नाही. उंबऱ्याला त्यांना चांगलीच ठेच लागली.

आता घरी जाऊन फोन उचलायचा आणि खरं ते सांगायचं, एवढंच उरलं होतं. पाणीवाल्यांनी फोन उचललाही. पण सिस्टर दवाखान्यातून बोलत होती आणि मागे हशा चालला होता.

"अहो, ऐका तर खरं. मुली मला निरोप देतायत. डॉक्टरसुद्धा दोन शब्द बोलले. आदेश आल्यावर घाई नको म्हणून आत्ताच केलं. आणि घरमालकीणबाईंकडे दुसरे भाडेकरू खोळंबलेत, त्यामुळे या शनिवारी मी सामानच घेऊन येते. यादी लागली ना? इथे काही उघडत नाही. तुम्ही पाहिलीत का?"

"पाहिली," पाणीवाले म्हणाले.

मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि फोन कटला. पाणीवाल्यांनी पुन्हा लावला नाही. शनिवारपर्यंत ते रोज फोनसमोर बसत आणि तोंडाची चव गेल्यासारखे उठत. आई विचारी, "सून कधी येते रे?" आणि ते "शनिवारी" म्हणत. तेही खरंच होतं. खोटं न बोलता माणूस किती खोटा वागू शकतो, याचा त्यांना स्वतःलाच अचंबा वाटू लागला.

शनिवारी दुपारी इमारतीसमोर टेम्पो थांबला. सिस्टर पुढे बसली होती. मागे खाट, ट्रंक, बादल्या, दोन कुंड्या आणि लोखंडी कपाट. इमारत सगळी खाली उतरली. सेक्रेटरींनी कधी नव्हे ते स्वतः कुंडी उचलली. कुणी बादली घेतली, कुणी गादी. शेगडी तिने तिथल्या नव्या नर्सला देऊन टाकली होती. ती भराभर जिना चढत होती आणि प्रत्येक दारात थांबून सांगत होती, "आले बाई एकदाची." पाणीवाल्यांनी तिला इतकं बोलताना कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

कपाट सगळ्यात शेवटी आलं. वरचं टोक दातांच्या डॉक्टरांनी धरलं, खालचं पाणीवाल्यांनी. दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर ते अडकलं. डॉक्टर वरून म्हणाले, "जरा डावीकडे घ्या." सिस्टर कठड्यावरून वाकून बघत होती आणि हसत म्हणाली, "सावकाश हं, आता काही घाई नाही."

ते हसू पाणीवाल्यांना सोसलं नाही.

"बदली झाली नाही," ते कपाटाच्या मागून म्हणाले.

"काय म्हणालात?"

"तुझी बदली झालेली नाही. अर्ज गेलाच नव्हता."

जिन्यावर वर-खाली माणसं होती आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. ज्याच्या त्याच्या हातातलं तिथेच राहिलं. सेक्रेटरी कुंडी छातीशी धरून उभे राहिले. बऱ्याच वेळाने डॉक्टर चाचरत म्हणाले, "म्हणजे कपाट वर न्यायचं की खाली?"

सिस्टर दोन पायऱ्या उतरली आणि पायरीवर बसली. पाणीवाल्यांनी कपाटाचं टोक हातात धरून, वर न बघता, सगळं सांगितलं. माशीपर्यंत सांगितलं. कपाट खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

"दोन ओळी होत्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही वरची वाचलीत."

"खालचीही वाचली."

"मग?"

"आमच्याकडे तसंच लिहितात."

ती रडेल असं सगळ्यांना वाटलं आणि बायका पुढे सरकल्या, पण ती रडली नाही. तिने कपाळावरचा घाम पदराने पुसला. ती फार दमलेली दिसत होती. ती एकाआड एक शनिवारी अशीच दिसत आली असणार, पण पाणीवाल्यांनी ते आज पाहिलं.

"तुमच्या खात्याचे बदलीचे अर्ज कधी असतात?" तिने विचारलं.

"पुढच्या महिन्यात. का?"

"आमच्या तिथेही पाण्याचं ऑफिस आहे. दवाखान्यासमोरच आहे." ती उठून उभी राहिली. "इतकी वर्षं मी येत होते. आता तुम्ही या. अर्ज मी भरीन."

पाणीवाल्यांच्या तोंडाशी एकदम बरीच कारणं आली. आईची कंबर, हे घर, कार्यालयातली खिडकीजवळची खुर्ची, या वयात नवं गाव, नवी माणसं. मग त्यांच्या ध्यानात आलं, की यातलं प्रत्येक कारण हिलाही होतं, आणि हिने ते एकदाही सांगितलं नव्हतं. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"पण तुझी खोली तर गेली," ते कसंबसं म्हणाले.

"ती एकीची होती. आता तिघांची बघते." ती डॉक्टरांकडे वळली. "कपाट खालीच घ्या डॉक्टर. टेम्पोवाल्याला थांबायला सांगा."

डॉक्टरांनी वरून ढकललं, पाणीवाल्यांनी खालून पेललं, आणि कपाट वळणातून सुटून एकेक पायरी उतरू लागलं.